वीसाक्षरी मंत्र

जपानी मी सहा वर्षं शिकलो. पुण्यात हे काही विशेष नाही. इथे दर तिसऱ्या घरात कुणीतरी जपानी शिकत असतं, शिकून झालेलं असतं किंवा अर्धवट सोडून बसलेलं असतं. मी तिसऱ्या गटातला. लेक पहिल्यातून थेट ओसाकाला नोकरीला गेली आणि गेल्या दिवाळीत येताना माझ्यासाठी एक जुना फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, घेऊन आली. ‘बाबा, तुझं जपानी गंजलंय. हे खेळ.’ सोबत एकच कॅसेट होती, ‘ड्रॅगन क्वेस्ट’.

जपानात वीज शंभर व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीस. तेव्हा आधी बुधवार पेठेत जाऊन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो खेळाच्या यंत्रापेक्षा मोठा निघाला. माळ्यावरचा डबा टीव्ही खाली आला. ‘दहावीतली मुलं परवडली,’ असं ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

हा खेळ २७ मे १९८६ रोजी जपानात आला. रचना युजी होरिई यांची, राक्षसांची चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. सगळा खेळ मिळून ६४ किलोबाइट. आज सकाळी ‘सुप्रभात’चं जे गुलाबाचं चित्र मला तिघांनी पाठवलं, ते याहून जड असेल. जागा वाचवायला कताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरंच घेतली होती, बाकी सगळा मजकूर हिरागाना या दुसऱ्या लिपीत. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, नाहीत म्हणून मी खूश झालो. तो आनंद चुकीचा होता.

आपण रोतो नावाच्या जुन्या शूराचे वंशज. र्‍यूओ नावाच्या ड्रॅगनराजाला मारायचं आणि राजकन्या रोराला सोडवायचं. राजा आपल्याला या कामगिरीसाठी १२० नाणी देतो. गावातल्या दुकानात तांब्याची तलवार १८० नाण्यांना. म्हणजे राज्य वाचवायला निघालेल्या माणसाला धड तलवारही येऊ नये, इतपत उचल. शेवटी दहा नाण्यांची बांबूची काठी घेतली. शत्रूचा किल्ला राजवाड्यासमोरच, पाण्यापलीकडे दिसतो, पण तिथे पोहोचायला अख्खा मुलूख पालथा घालावा लागतो. एकेरी रस्त्यांच्या शहरात हयात गेल्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही.

आपला वीर कायम आपल्याकडे तोंड करून उभा असतो. उत्तरेला जायचं तरी तोंड आपल्याकडेच, चाल खेकड्याची. त्यामुळे बोलायचं असलं की आधी ‘बोला’ निवडायचं, मग उत्तर, पश्चिम, दक्षिण की पूर्व ते सांगायचं. माणूस नाकासमोर उभा असताना दिशा विचारतात. जिना चढायलाही ‘जिना’ असा हुकूम द्यावा लागतो. नुसतं पायरीवर उभं राहून भागत नाही. आमच्या हाउसिंग सोसायटीचं कामकाज याच पद्धतीने चालतं.

गावाबाहेर पडलं की सुराइमु नावाचा राक्षस भेटतो. निळा, थेंबासारखा, हसरा. याला मारलं की अनुभवाचा एक गुण. सात गुण झाले की दुसरी पातळी. मग पुढच्या पातळीला आणखी, त्यापुढे आणखी. हाताची चपळाई नको, नेमबाजी नको, नुसतं रोज उठून मारत राहायचं. नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे जमतं. मेलो, तरी अनुभव जात नाही. निम्मी नाणी जातात आणि राजासमोर उभं राहावं लागतं. ‘मेलास म्हणजे काय!’ असं तो रागावतो. आमचे मोठे काका असेच होते. ताप आला तरी रागवायचे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नाही. उठायचं असेल तेव्हा राजाकडे जायचं. तो आपल्याला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देतो: हिरागानाची वीस अक्षरं, अर्थहीन, पाच-सात-पाच-तीन अशी मांडलेली. वृत्तातला सुंदर हायकू आणि शेवटी तीन अक्षरांची शिंक. तो उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की पडद्यावर येतं, ‘जुमोन गा चिगाइमासु’. मंत्र चुकला आहे. सहा वर्षांत जपानीतलं दुसरं कुठलंही वाक्य माझं इतकं पाठ झालं नाही.

पहिल्या रात्री मंत्र दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिला. सकाळी भरला. चिगाइमासु. ‘मे’ आणि ‘नु’ या दोन अक्षरांत फरक एका शेपटीच्या वेढ्याचा. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ या तिघी सख्ख्या बहिणी, पाठमोऱ्या तर ओळखूच येत नाहीत. ‘का’च्या डोक्यावर दोन टिचक्या दिल्या की ‘गा’ होतो, आणि आमच्या टीव्हीच्या पडद्यावर त्या टिचक्या आहेत की माशीचा उद्योग, हे जवळ जाऊन पुसल्याशिवाय कळत नाही. मी चार तास घालवून सहाव्या पातळीला नेलेला वीर एका टिचकीत गेला.

‘मोबाइलने फोटो काढ ना,’ लेक फोनवर म्हणाली. काढला. फोटोत बरोबर मंत्रावरून काळा पट्टा गेलेला. डबा टीव्हीचे फोटो असेच येतात म्हणे.

मग आई मैदानात उतरली. आई एकोणऐंशी वर्षांची, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. ‘तू वाच, मी लिहिते. तुझं अक्षर तिसरीपासून असंच आहे.’ मी मोठ्याने वाचायचो, ती तिच्या रोजनिशीत देवनागरीत लिहायची, रेखीव. दुसऱ्या दिवशी ती सांगायची, मी भरायचो. चिगाइमासु. तीन दिवस. मग शोध लागला: जपानीत ‘झु’ दोन आहेत. एक ‘सु’वर टिचक्या देऊन झालेला, दुसरा ‘त्सु’वर. ‘जि’चीही तीच कथा. लिहायला वेगळे, बोलायला एकच.

आईला हे फार पटलं. ‘आपल्याकडे उलटं आहे बघ. जरा म्हणजे थोडंसं आणि जरा म्हणजे म्हातारपण. लिहायला एक, बोलायला दोन.’ अर्धा तास तालव्य आणि दंततालव्य झालं. तोवर दुपारची वीज गेली. गुरुवार होता. मंत्र घेतलेला नव्हता.

पुढे आई दुसऱ्या ‘झु’खाली रेघ मारू लागली आणि आमचं बस्तान बसलं. दलदलीजवळच्या गुहेतून राजकन्येला सोडवलं. ती चालत नाही, वीर तिला दोन्ही हातांवर उचलून नेतो. तशा अवस्थेत आम्ही सराईत मुक्काम केला. सकाळी सराईवाला म्हणाला, काल रात्री मजा झालेली दिसते.

‘काय म्हणाला रे?’ आईने विचारलं.

‘झोप लागली का म्हणतोय.’

‘सभ्य आहे हो माणूस.’

संक्रांत उलटून गेली तेव्हा र्‍यूओच्या किल्ल्यात सगळ्यात खालच्या मजल्यापर्यंत पोहोचलो. पोहोचलो म्हणजे चौथ्यांदा. दर वेळी तो मला मारायचा, राजा रागवायचा, मी पुन्हा चालत यायचो. या खेपेस र्‍यूओने पुन्हा तेच विचारलं: माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुला देतो. खाली दोन पर्याय. ‘इइए’ म्हणजे नाही. ‘हाय’ म्हणजे हो. हा शब्द तर सोलापूरकडचाच वाटतो.

मी तीन वेळा ‘नाही’ म्हणून बघितलं होतं. गुडघे दुखत होते. आमच्या फ्लॅटचे हप्ते अजून चार वर्षं आहेत, आणि इथे समोरून अर्धं जग येत होतं, नोंदणी खर्चाशिवाय. ‘हाय’ दाबलं.

र्‍यूओने मंत्र दिला. वीस अक्षरं. आई सरसावून बसली. मी एकेक अक्षर दोनदा वाचलं, टिचक्या पुसून पाहिल्या, बहिणी निरखल्या. आईने दुसऱ्या ‘झु’खाली रेघ मारली आणि सगळं मला वाचून दाखवलं. अर्धं जग काही रोज मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मंत्र भरला. पहिल्याच फटक्यात उघडला. वीर उभा होता, आमच्याकडे तोंड करून. पातळी एक. नाणी शून्य. हातात बांबूची काठीसुद्धा नाही.

आईने चष्मा पुसला, रोजनिशी पडद्याशेजारी धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

‘बघ,’ ती म्हणाली, ‘एकही चूक नाही.’