पाण्याच्या मागोमाग गेलेला रस्ता

सिडनी-मेलबर्नच्या आपल्या मंडळींना मी नेहमी आग्रह करते: उलुरूला, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड लाल खडकाला, विमानाने जाऊन, सूर्यास्ताचे फोटो काढून दुसऱ्या दिवशी परतू नका. गाडीने जा, तंबू घेऊन जा, सवड काढून जा. त्यावर "नुसतं वाळवंट, त्यात बघायचं काय?" हे इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहितेच.

आम्ही ॲडलेडहून निघून मरी गाठलं आणि तिथून ऊडनाडाटा ट्रॅक धरला. मरी ते मार्ला, ६०० किलोमीटरच्या वर कच्चा रस्ता. त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. टायरमधली हवा कमी केली नाही तर गाडीतलं हाडन् हाड खिळखिळं होतं. दुतर्फा खडी, लाल माती, मधूनच मिठाचा पांढरा थर. कितीतरी वेळ झाडसुद्धा दिसत नाही. आणि मग 'बबलर' येतो.

हा एक झरा. उघड्या माळावर स्वच्छ पाण्याचं गोल कुंड, तळाशी करडी वाळू. ती मधोमध फुगत वर येते, फुटते, चकत्यांसारखी पसरते, खाली बसते न बसते तोच पुन्हा फुगते. काठाला लव्हाळ्यासारखं हिरवं गवत, कडेने वाहणारा बारीक ओहोळ. हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जमिनीखाली हा भूजलसाठा पसरलाय, आणि इथे वर येतं ते लाखो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं पाणी. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मुलगी तर हलायलाच तयार नव्हती.

असे झरे या पट्ट्यात ओळीने आहेत. इथले मूळ रहिवासी अराबना लोक हजारो वर्षं त्यांच्या आधाराने या मुलुखात राहत आणि फिरत आले. १८५९मध्ये जॉन मॅकडोउल स्टुअर्ट हा युरोपीय संशोधक याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकला. मग १८७२मध्ये पुरी झालेली टेलिग्राफच्या तारेची लाईन याच मार्गाने गेली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं, म्हणून जुन्या 'घान' रेल्वेचे रूळही इथूनच गेले. आज आपण गाडी हाकतो तो रस्ता त्या रुळांना धरून आहे. म्हणजे रस्ता आखला पाण्याने, आणि पाणी ठाऊक होतं ते अराबनांना. नकाशावर मात्र नाव स्टुअर्टचं. याचा मला खरोखर राग येतो.

मरीत थांबलात तर तिथली मशीद जरूर बघा. उंटांचे तांडे हाकणाऱ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत. रेल्वेचं 'घान' हे नावही त्यावरूनच आलं. पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले. तारेचं सामान, पीठ, लोकर सगळं त्यांच्या उंटांवरून गेलं.

ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या १८६०च्या मोहिमेसाठीही कराचीहून उंट आणले होते. सामानसुमान, माणसं, पैसा, कशाचीच कमतरता नव्हती. तरी परतताना १८६१मध्ये दोघेही कूपर क्रीक या नदीकाठी मेले. वाहत्या पाण्याशेजारी! तिथले यांद्रुवांधा लोक त्यांना मासे देत होते, पण बर्कने त्यांच्यावर पिस्तूल रोखून गोळी झाडली. नारडू नावाच्या वनस्पतीचं पीठ बर्क आणि विल्स खात होते, पण ते पीठ विशिष्ट रीतीनेच करावं लागतं, नाहीतर पोट भरलेलं असूनही माणूस खंगत जातो. सोबतचा जॉन किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि तगला.

उलुरूवर चढायला २६ ऑक्टोबर २०१९पासून बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या काहींनीही "संधी हुकली" म्हणून हळहळ केली. मला ती पटत नाही. वर शौचालय नव्हतं. चढणाऱ्यांची घाण पावसात वाहून पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरायची. ज्या अनंगू लोकांचं ते पवित्र स्थान, त्यांनी वर्षानुवर्षं नम्रपणे "चढू नका" म्हणून सांगितलं होतं. मुतिजुलूच्या डोहापर्यंत खालून चालत जा. तेवढं पुरे आहे, खूप आहे.

आणि हे झरे कायमचे आहेत असं समजू नका. १८७८पासून या बेसिनमध्ये बोअर मारले गेले, हजारो बोअर नुसते वाहत ठेवले, दाब घटला आणि अनेक झरे आटले. आता बरेच बोअर बंद केलेत, पण ऑलिंपिक डॅम नावाची तांबं-युरेनियमची खाण अजून याच पाण्यावर चालते. या झऱ्यांपाशी तळ ठोकणाऱ्या प्रत्येकाने हे ठाऊक करून घेतलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कावर्ड स्प्रिंग्जला खजुरीच्या झाडांखाली मुक्काम करा. रात्री त्रिशंकू दक्षिणेच्या आकाशात चांगला उंच असतो. गावी तो दक्षिणेला क्षितिजालगत शोधावा लागायचा. त्याच्या शेजारचा काळा डाग म्हणजे आकाशातल्या एमूचं डोकं. इथल्या अनेक आदिवासी समाजांनी हा एमू ताऱ्यांत नाही, ताऱ्यांमधल्या अंधारात पाहिला.

जायचं ते मे ते ऑगस्टमध्ये. रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा स्वॅगबरोबर (कॅनव्हासच्या गुंडाळी-बिछान्याबरोबर) जाड पांघरूण हवंच. पाणी माणशी दिवसाला निदान पाच लिटर, वर राखीव वेगळं. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात. पाऊस पडला की ट्रॅक बंद होतो, म्हणून रोज सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा. आणि गाडी अडकलीच तर ती सोडून पायी कुठेही जायचं नाही. शाळेच्या जुलैच्या सुट्टीत कोणी निघणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, सामानाची यादी आणि मुक्कामाची ठिकाणं पाठवते.