शिकारीचा परवाना आणि इमिग्रेशनची चौकशी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, तिला दोन ओळींत वाटेला लावणे बरे दिसणार नाही, म्हणून येथे स्वतंत्रपणे लिहीत आहे. फ्लोरिडातील शिकारीच्या हक्काची घटनादुरुस्ती आणि तेथील इमिग्रेशनचे कायदे हे दोन वेगळे विषय मी ओढूनताणून एकत्र आणले, असा आपला आक्षेप आहे. ज्यांची कागदपत्रे चोख आहेत त्या आपल्या मराठी मंडळींनी या कायद्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही, असेही आपण म्हणता.

हे विषय एकत्र आणले ते फ्लोरिडाच्या राज्य सरकारने. फेब्रुवारी 2025 मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेशी झालेले जे करार जाहीर केले, त्यांत राज्याचा मत्स्य व वन्यजीव आयोगही आहे. केंद्रीय इमिग्रेशन कायद्यातील 287(जी) या कलमाखालच्या अशा करारांमुळे राज्यातील अधिकाऱ्यांना प्रशिक्षणानंतर, केंद्राच्या देखरेखीखाली, इमिग्रेशनची काही कामे करता येतात. म्हणजे धक्क्यावर मासेमाराच्या बर्फपेटीतला स्नूक मासा मोजपट्टीवर ठेवून तो 28 ते 32 इंचांच्या मर्यादेत बसतो की नाही हे पाहणारा (ही मर्यादा अटलांटिक किनाऱ्याची), आणि रानात शिकाऱ्याचा परवाना मागणारा अधिकारी, हाच आता समोरच्याच्या वास्तव्याची चौकशी करणाराही होतो. हाच आयोग चोरट्या शिकारीची खबर देणाऱ्यांना बक्षीस देतो. पण ज्याच्या घरात एखाद्याची कागदपत्रे अपुरी आहेत, तो माणूस रात्री बंदुकीचा आवाज ऐकूनही या अधिकाऱ्याला फोन करील का? मूळ लेखात मी हाच प्रश्न विचारला होता आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचे उत्तर नाही.

शिकारीच्या हक्काला मी सरसकट विरोध केलेला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये 60 टक्क्यांची अट असताना सुमारे 67 टक्के मतदारांनी ती दुरुस्ती मान्य केली आणि तो कौल मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती शिकार व मासेमारी हे वन्यजीव व्यवस्थापनाचे 'पसंतीचे साधन' ठरवणाऱ्या शब्दांना. आयोगाचे अधिकार अबाधित राहतील असे त्याच दुरुस्तीत लिहिले आहे, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. पण घटनेनेच एका साधनाला झुकते माप दिले की प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास, अधिवासाचे रक्षण आणि प्राण्यांना वस्तीकडे ओढणाऱ्या कचऱ्याचा बंदोबस्त यांसारखे इतर उपाय आपोआप मागच्या रांगेत जातात. ऑगस्ट 2025 मध्ये आयोगाने काळ्या अस्वलांच्या शिकारीला पुन्हा मंजुरी दिली आणि 172 परवाने ठरवले. त्याआधीच्या, 2015 च्या शिकारीत दोनच दिवसांत 304 अस्वले मारली गेली आणि ती तिथेच थांबवावी लागली होती, हे ध्यानात घेतले तर माझी काळजी अवाजवी वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच 2025 साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने सबळ कारणाशिवाय केवळ सुरक्षा-तपासणीच्या नावाखाली बोट अडवण्यास अधिकाऱ्यांना मनाई करणारा कायदा केला. बोटीच्या मालकाला विनाकारण त्रास होऊ नये, हा विचार मला पूर्णपणे पटतो. ज्या सभागृहाला तो पटला, त्याच सभागृहाने इमिग्रेशनच्या बाबतीत अधिकाऱ्यांचे हात अधिक मोकळे का करावेत, याचे समाधानकारक कारण मला चर्चेत सापडले नाही.

चोख कागदपत्रांविषयी सांगायचे, तर त्याच वर्षी केलेल्या एका कायद्याने वैध वास्तव्य नसलेल्या व्यक्तीचा राज्यातील प्रवेश हाच गुन्हा ठरवला. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी त्याची अंमलबजावणी थांबवली. त्यानंतरही त्याच महिन्यात एका वाहनतपासणीत, जॉर्जियात जन्मलेल्या एका अमेरिकी तरुणाला त्याच कायद्याखाली अटक झाली. त्याच्या आईने न्यायालयात त्याचा जन्मदाखला दिला, न्यायाधीशांनी तो उजेडात धरून जलचिन्ह पाहिले आणि दाखला अस्सल असल्याचे सांगितले. तरीही त्याला ताब्यात ठेवण्याच्या इमिग्रेशन यंत्रणेच्या विनंतीमुळे त्याची लगेच सुटका झाली नाही. त्याच्याकडे तर नागरिकत्वच होते. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींना यापेक्षा अधिक भक्कम संरक्षण आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता, ते कृपया लिहावे.