संक्रांत कशावर आलीय?

हा प्रश्न इतरांच्या घरी आज्या-मावश्या विचारायच्या. आमच्याकडे अण्णा विचारायचे.

अण्णांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान होतं. जानेवारी उजाडला की दुकानात येईल त्याला, मग तो शेतकरी असो, खरेदीदार असो की हमाल, चहाचा कप पुढे करत ते सहज म्हणून विचारायचे, "काय मग, यंदा संक्रांत कशावर?" समोरचा उत्साहाने सांगायचा. वाघावर आलीय, पिवळं नेसलीय, अमुक खातेय, तमुक दिशेला बघतेय. अण्णा "असं होय" म्हणून मान हलवायचे आणि पुढच्याला पुन्हा तेच विचारायचे.

नव्या पिढीसाठी सांगते. पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं वर्णन येतं: तिचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र, ती काय खाते, कुठून आली, कुठे निघाली. ती जे जे धारण करते ते महागतं, अशी समजूत. पिवळं नेसली की हळद, सोनं, हरभऱ्याची डाळ. पांढरं नेसली की साखर, कापूस, चांदी. गंमत अशी की हे कुणाला स्वप्नात दिसत नाही. त्या दिवशी करण, म्हणजे अर्धी तिथी, कोणतं आहे त्यावरून वाहन ठरतं. बव असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ, विष्टी असेल तर घोडा. बाकीचं कोष्टकात तयार असतं. म्हणजे हळदीची पाळी आळीपाळीने येणारच. बाजारात आवक किती, निजामाबादकडे पीक कसं आहे, याची चौकशी ते कोष्टक करत नाही.

मी कॉमर्सला होते तेव्हा नव्याने शहाणी झाले होते. एकदा अण्णांना टोचून बोलले, "तुम्ही एवढे हिशेबी, आणि संक्रांतीवर धंदा करता?" ते हसले. म्हणाले, "आगं, संक्रांतीला काय कळतंय हळदीतलं? पण संक्रांतीवरनं कोण काय बोलतंय ते मला कळाय पाहिजे."

ते वाक्य मला समजायला वीसेक वर्षं लागली.

आमच्याकडे नवी हळद बाजारात यायला लागते ती संक्रांतीच्या मागोमाग. आणि ज्यांच्याकडे जुना माल शिल्लक असतो (तेव्हा तो हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत असायचा, २००५ च्या पुराने त्यातली बहुतेक पेवं निकामी केली) ते नेमके त्याच दिवसांत भाव काय निघतो याच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. अशा वेळी गावोगाव "यंदा पिवळी चढणार" असं पसरलं, की शेतकरी म्हणतो, घाई कशाला, राहू दे पोती घरात. आवक रोडावते. सौद्यात भाव चढतो. मग सगळे म्हणतात, बघा, संक्रांत खरी ठरली! आणि दोन महिन्यांनी थांबलेली सगळी पोती एकदम यार्डात उतरतात आणि भाव आपटतो, तेव्हा संक्रांतीची आठवण कुणालाच नसते. अण्णा त्या दोन महिन्यांच्या फटीत जगले. आमची शिक्षणंही त्याच फटीतून झाली म्हणा ना.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ. स्वतंत्र भारताच्या कुंडलीत मंगळाची महादशा, म्हणजे त्या ग्रहाचा ठरावीक वर्षांचा अंमल, लागली आहे, पुढची सात वर्षं युद्ध, सत्तापालट, सोन्याला झळाळी, शेअर बाजारात रक्तपात, वगैरे. खाली चाळीसेक हात जोडलेले. एका भाच्याने तर "म्युच्युअल फंड काढून घेऊ का?" असं विचारलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला पंचांग बघता येतं, पत्रिकाही मांडता येते, त्यामुळे "तुम्हाला काय कळतंय" हे कृपया नको.

ती कुंडली १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची, दिल्लीची. वृषभ लग्न (त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास), कर्केत पाच ग्रह एकत्र: रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी. तारीख निवडली माउंटबॅटननी, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून. ज्योतिषी मंडळींना दिवस पसंत नव्हता. मग मध्यरात्रीचा तोडगा निघाला, अशी हकीकत सांगतात. इंग्रजी तारीख रात्री बाराला बदलते, आपला वार सूर्योदयाला बदलतो. साहेबाची १५ तारीखही साधली आणि पंचांगाने आदला दिवसही. डोकं कुणाचंही असो, मला हा तोडगा फार आवडतो. अस्सल आपल्याकडचा आहे.

पण ब्रिटिश संसदेच्या कायद्यात १५ ऑगस्टपासून एक नव्हे, दोन देश अस्तित्वात येतील असं लिहिलं होतं. पाकिस्तानच्या १९४८ च्या पहिल्या टपाल तिकिटांवरसुद्धा १५ ऑगस्टच छापलेलं आहे, १४ तारीख तिथे नंतर रूढ झाली. म्हणजे जुळी भावंडं. जाणकार लगेच म्हणतील, कराची पश्चिमेला, तिथे लग्न बदलतं, मेष येतं. कबूल. पण विंशोत्तरी दशा (याच त्या महादशा) लग्नावरून काढत नाहीत, चंद्रावरून काढतात. आणि त्या क्षणी चंद्र दोघांचाही एकच होता, कर्केत, पुष्य नक्षत्रात. म्हणजे दशा दोघांना सारख्याच, अगदी महिन्यांच्या हिशेबाने सारख्या.

मग १९८९ च्या सुमाराला दोघांनाही शुक्राची महादशा लागली, वीस वर्षांची. आपल्याकडे १९९१ ला अर्थव्यवस्था खुली झाली, गाड्या आल्या, मॉल आले, आणि व्हिडिओवाले सांगतात की हे शुक्राचं फळ. त्याच शुक्रात शेजारी बेनझीर आणि नवाझ शरीफ यांची सरकारं पाळीपाळीने बरखास्त होत राहिली आणि १९९९ ला लष्कर आलं. आता म्हणाल, लग्न वेगळं म्हणून फळ वेगळं. ठीक आहे, पण मग आपल्याच घरात बघा. शुक्राआधीची सात वर्षं केतूची होती. केतू म्हणजे वैराग्य, संन्यास, सगळं सोडून देणारा ग्रह. त्या संन्याशाच्या कारकिर्दीत, डिसेंबर १९८३ मध्ये, आपल्याला मारुती ८०० मिळाली आणि घरोघरी रंगीत टीव्ही आले. आणि विलासी शुक्राच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत देशाने ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण टाकलं आणि जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन केलं. त्यामागची कारणं माणसांनी केलेली होती. आखाती युद्धाने तेल भडकलं, कर्जं डोईजड झाली, परदेशी गंगाजळी आठवड्यांत मोजण्याइतकी उरली. ग्रह आपापल्या जागी होते.

वर्षाच्या राजाचंही तसंच. पाडव्याला जो वार, त्याचा स्वामी वर्षाचा राजा. मेष संक्रांतीला जो वार, त्याचा स्वामी मंत्री. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात लबाडी नाही, कॅलेंडर उघडून कुणीही पडताळू शकतं. २०१६ चा पाडवा शुक्रवारी होता, मेष संक्रांत बुधवारी. राजा शुक्र, मंत्री बुध. एक ऐश्वर्याचा, एक व्यापाराचा. यापेक्षा छान मंत्रिमंडळ कोणतं! त्या वर्षी ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. यार्डात आठवडाभर सौदे नीट निघाले नाहीत, हमालांची मजुरी द्यायला सुट्टे नव्हते. २०२० चा पाडवा बुधवारी, २५ मार्चला. राजा बुध, वाणी-व्यापाऱ्यांचा ग्रह. त्याचा राज्याभिषेक झाला त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली, दुकानं बंद. त्याच्या दोन दिवस आधी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळला होता. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच सेन्सेक्सने पन्नास हजाराला हात लावला. बुध रागावला होता की प्रसन्न होता, तुम्हीच ठरवा.

१९६२ च्या फेब्रुवारीत मकरेत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले. आमची आजी सांगायची की लोकांनी जगबुडीच्या भीतीने रात्री जागून काढल्या, जिकडेतिकडे यज्ञ चालले होते. जग काही बुडालं नाही. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, आणि मग आठ महिन्यांनी "पाहा, फळ मिळालं". आठ महिने! हळदीच्या वायद्यात एवढी सवलत मिळाली असती तर मी आज कोट्यधीश असते.

जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात अंनिसच्या मदतीने ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्ही मिळून २०० पत्रिका. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० तपासल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. नाणं उडवलं असतं तरी शंभराच्या आसपास आलंच असतं. यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांना पटायचं त्यांना पटलेलं आहे.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. भाकीत खरं की खोटं यावर भांडत बसण्यात फार दम नाही. ते ऐकतंय कोण, आणि त्याच्या हातात काय आहे, ते बघा. माझ्या भाच्याच्या हातात महिना तीन हजारांची एसआयपी आहे. पण ब्रह्मदेशाचे लष्करशहा ने विन यांच्या हातात टांकसाळ होती. त्यांचा नऊ आकड्यावर भारी विश्वास. सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांनी २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द केल्या, बदली काही न देता. आणि नव्या काढल्या त्या ४५ आणि ९० च्या. का, तर दोन्हींना नवाने भाग जातो. विचार करा, भाजीवाली ४५ च्या नोटेचे सुट्टे कसे देत असेल. शिक्षणासाठी, लग्नासाठी घरात ठेवलेले लोकांचे पैसे एका दिवसात कागद झाले. विद्यार्थी रस्त्यावर आले. पुढच्या जुलैत ने विन यांना पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि विद्यार्थ्यांनी मोठ्या उठावासाठी तारीख निवडली ८-८-८८. त्यानंतर हजारो माणसं मारली गेली आणि लष्कराने पुन्हा पकड घट्ट केली. इथे आकड्यांनी खरंच अर्थव्यवस्था आणि राजकारण दोन्ही बदललं, पण कुठल्या वाटेने ते बघा.

श्रीलंकेचे महिंदा राजपक्षे तसे नशीबवान म्हणायचे. त्यांनी ज्योतिष्याच्या सल्ल्याने मुदतीच्या सुमारे दोन वर्षं आधीच निवडणूक लावली आणि ८ जानेवारी २०१५ ला हरले. नुकसान फक्त त्यांचं झालं.

आपल्याकडे इतका अतिरेक नाही, पण आपण सगळे मिळून थोडेथोडे ने विन आहोतच. पितृपक्षात गाड्यांच्या शोरूममध्ये माशा मारत बसतात, फ्लॅटचे टोकन थांबतात, पुढारी पक्षप्रवेश पुढे ढकलतात आणि उमेदवारांच्या याद्या घटस्थापनेची वाट बघतात. मग दसऱ्याला आणि धनत्रयोदशीला सराफांकडे रांगा. मुंबई शेअर बाजार १९५७ पासून लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे करतो. उमेदवारी अर्जाची वेळ तर बघायलाच नको, कलेक्टर कचेरीच्या दारात ताफा थांबवून घड्याळ बघत उभे असलेले उमेदवार मी स्वतः पाहिलेत. एकाच मतदारसंघात चौघांनी एकाच मुहूर्तावर अर्ज भरला तर ग्रहांनी कुणाचं ऐकायचं? पण पंधरवड्याची ती मंदी आणि नंतरची ती तेजी खरी असते, आकड्यांत दिसते. कर्ता ग्रह नाही, आपण आहोत, एवढाच फरक. म्हणून पितृपक्षात मी गाडी घेतली. विक्रेता इतका खूश झाला की सीट कव्हर फुकट दिली.

तर भाच्याला मी फोन करून एवढंच म्हटलं, "फंड राहू दे. त्या व्हिडिओवाल्याला विचार, त्याने स्वतःचे पैसे कुठे ठेवलेत." अजून उत्तर आलेलं नाही.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या गल्ल्याखालच्या कपाटात जुनी पंचांगं निघाली, सुतळीने बांधलेली. संवत्सरफलाच्या पानावर पेन्सिलीने खुणा होत्या. मला वाटलं, शेवटी म्हातारा भाविकच निघाला. उलगडून बघितलं तर प्रत्येक पानाच्या समासात एकच आकडा, फाल्गुनअखेरचा राजापुरी हळदीचा भाव. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, त्या जानेवारीत "पिवळी चढणार" असं किती जण म्हणाले होते ते, पाचपाचच्या रेघा ओढून मोजलेलं.