झिंक वाचवायला हिरवी वायर कापायची?

झिंक म्हणजे बोटीच्या पाण्याखालच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा; हिरवी वायर म्हणजे अर्थ, अर्थिंगची वायर. शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय: ‘धक्क्यावरून येणाऱ्या लाइनची हिरवी वायर बोटीत कापा, झिंक दुप्पट टिकेल. समुद्र हाच सगळ्यात मोठा अर्थ. न्यूट्रल-अर्थ बोटीतच जोडा. डोलकाठीला अर्थिंग केलं की वीज पडत नाही.’ भाच्याने तो पाठवून विचारलं, “मामा, पक्कड घेऊ का?” नको घेऊस बाबा.

झिंकबद्दलचं अर्धं खरं आहे. प्लग लावला की हिरव्या वायरीतून तुमच्या बोटीचा पंखा (प्रोपेलर) शेजारच्या बोटीच्या पाण्याखालच्या धातूला जोडला जातो. खाऱ्या पाण्यात झिंक आणि ब्राँझमध्ये 0.7 व्होल्टच्या आसपास फरक असतो, म्हणजे तुमचं झिंक शेजाऱ्याचं ब्राँझ सांभाळत झिजतं. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. तो इनलेटनंतर (बोटीवरचं लाइनचं सॉकेट) लगेच, इतर कुठल्याही जोडणीआधी हिरव्या वायरीत बसवायचा, इनलेटच्या अँपिअरइतका किंवा जास्त क्षमतेचा. साधारण 1.2 व्होल्टपर्यंतचा डीसी, म्हणजे झिंक झिजवणारा करंट, तो अडवतो; फॉल्टचा, म्हणजे बिघाडात बॉडीत उतरलेला करंट जाऊ देतो.

आता वायर कापलीत आणि चार्जरमध्ये फेज बॉडीला टेकला, तर? बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला, निगेटिव्ह इंजिनला, इंजिन शाफ्टला, शाफ्ट पंख्याला. 230 व्होल्ट थेट पाण्यात! ‘समुद्र हाच अर्थ’ म्हणणाऱ्यांनी गणित करावं: पाण्यातून धक्क्यापर्यंतच्या वाटेला 25 ओहम धरले तर 9.2 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. खाऱ्या पाण्यात बराचसा करंट माणसाला वळसा घालून जातो. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की पाण्यापेक्षा शरीरच चांगला वाहक ठरतं. पोहणाऱ्याचे हातपाय आखडतात आणि तो बुडतो. ना ठिणगी, ना आवाज. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, पण तो हिरव्या वायरीच्या जोडीला, तिच्या बदल्यात नाही.

बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेचं ई-11 मानक सांगतं की एसीची हिरवी वायर डीसी निगेटिव्हला जोडा. आयएसओ 13297 या आंतरराष्ट्रीय मानकात पूर्ण बोटीला आरसीडी (आरसीसीबी हा त्याचाच प्रकार) किंवा धक्क्याची लाइन बोटीपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर या जोडणीला सूट आहे, हे कबूल. पण ती सूट जोडणीपुरती. उपकरणांची हिरवी वायर कापायला त्यात परवानगी नाही.

न्यूट्रल-अर्थची जोड फक्त उगमाशी: लाइनवर असताना धक्क्यावर, इन्व्हर्टरवर असताना इन्व्हर्टरमध्ये. बोटीत कायमची जोडलीत तर न्यूट्रलचा काही करंट हिरव्या वायरीतून आणि पाण्यातून परतेल, आरसीसीबी सारखा उडेल.

डोलकाठीचं अर्थिंग वीज थांबवत नाही, पडलेल्या विजेला पाण्यापर्यंत वाट देतं. बस.

तपासायचंच असेल तर प्लग काढून, इन्व्हर्टर बंद करून मल्टिमीटर लावा. इनलेटची अर्थ पिन ते इंजिन 1 ओहमच्या आत हवं. मध्ये आयसोलेटर असेल तर डायोड मोडवर दोन्ही बाजूंनी 0.9 व्होल्टच्या आसपास दिसेल. आयसोलेटरमध्ये कपॅसिटरही असेल तर आकडा हळू चढतो. शून्य आलं तर आयसोलेटर शॉर्ट, झिंक उघड्यावर. दोन्हीकडून ओपन आलं तर अर्थिंग गेलंय, प्लग लावू नका.