फाइल समोर आहे, पण सापडत नाही

पायथनमधून सी लायब्ररीतलं फंक्शन बोलवायचं, म्हणजे म्हणायला तीन ओळींचं काम. सीटाइप्स (पायथनमधलं सी लायब्ररींशी बोलणारं मॉड्यूल) इम्पोर्ट करा, डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) लोड करा, फंक्शनला हाक मारा. दुसऱ्याच ओळीला विंडोज हात वर करतं: एरर १२६, मॉड्यूल सापडलं नाही. फाइल ढळढळीत समोर असते. नाव बरोबर, फोल्डर बरोबर. तरी मी नाव परत एकदा टाइप करतोच, माणसाचा स्वभाव.

गोम अशी, की ती डीएलएल बहुतेक वेळा जागेवरच असते. तिला लागणारी दुसरीच कुठलीतरी गायब असते, आणि ओरडा मात्र हिच्या नावाने. ती दुसरी कोण, हे 'डिपेंडन्सीज' नावाचं टूल दाखवतं. ती पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, टाकून भागत नाही, कारण पायथन ३.८पासून अशा जोड-डीएलएल पाथमध्ये शोधल्याच जात नाहीत. मूळ डीएलएलशेजारी ठेवा, नाहीतर 'ॲड डीएलएल डिरेक्टरी'ने फोल्डर सांगा.

एरर १९३ची तऱ्हा आणखी न्यारी. ६४ बिटच्या पायथनला ३२ बिटची डीएलएल दिली, की उत्तर येतं, 'हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही'. अहो, ३२ आहे हीच तर तक्रार! ६४ बिटच्या विंडोजवर सिस्टिम३२ फोल्डरात ६४ बिटच्या डीएलएल असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४मध्ये, हे एकदा कळलं की राग येणंच बंद होतं.

सी++मध्ये 'एक्स्टर्न सी' (नाव सीसारखं जसंच्या तसं ठेव, ही सूचना) लिहायचं राहिलं, तर कंपायलर फंक्शनचं बारसं परस्पर उरकतो, आणि पायथनला ते जुन्या नावाने सापडत नाही. मग लायब्ररीतली नावं दाखवणाऱ्या टूलने, लिनक्सवर 'एनएम -डी' आणि विंडोजवर 'डम्पबिन'ने, नवं नाव हुडकत बसा.

हे सगळे निदान ओरडतात तरी. खरा घात करतो रेसटाइप, म्हणजे फंक्शन काय प्रकारचं उत्तर परत करतं ते. तो सांगितला नाही, तर सीटाइप्स धरून चालतं की फंक्शन इंट परत करतं, म्हणजे ३२ बिट. फंक्शनने ६४ बिटचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, दिला, की वरचा अर्धा पत्ता गुपचूप कापला जातो. पत्ता लहान असला तर सगळं सुरळीत. म्हणूनच "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य अगदी खरं असू शकतं. दुसऱ्या मशीनवर तोच अर्धा पत्ता पुढच्या फंक्शनला दिला, की पायथन एक शब्दही न बोलता आडवं होऊ शकतं. पायथनमधलं 'फॉल्टहँडलर' मॉड्यूल चालू असेल तर निदान कुठल्या ओळीवर पडलं ते कळतं. रेसटाइप आणि आर्गटाइप्स (फंक्शनला द्यायच्या गोष्टींचे प्रकार) प्रत्येक फंक्शनला लिहावेत, फुटकळ वाटलं तरी.

लायब्ररीला कॉलबॅक, म्हणजे तिने नंतर बोलवायचं पायथनचं फंक्शन, दिला असेल, तर त्याचं ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचं. नाहीतर पायथनचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न वापरलेली मेमरी साफ करणारा, ते झाडून टाकतो, आणि लायब्ररी केव्हातरी सवडीने रिकाम्या जागी फोन लावते. आणि त्या व्हेरिएबलशेजारी कॉमेंट हवीच, कारण "हे तर कुठेच वापरलेलं नाही" म्हणत ती ओळ उडवणारा नीटनेटका सहकारी प्रत्येक टीममध्ये असतो.