‘ऑफसेट का दिला नाही?’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये लागोपाठच्या दोन शाफ्टमध्ये 8 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक आला, तरी ‘कामचुकार’ ऑपरेटर ऑफसेट न देता, म्हणजे टूलची जागा तेवढी न सरकवता, कंट्रोल चार्टवर (मोजलेल्या साइजच्या आलेखावर) पॉइंट टाकत बसला. ऑफसेट दिला नाही हे खरं आहे. अशा वेळी तो द्यायचा नाही, हे आम्हीच त्याला शिकवलंय.

ड्रॉइंगला 20 मिमी आणि टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे 20 मायक्रॉन आहे. त्या मशीनचा सिग्मा, म्हणजे साइजच्या सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप, 4 मायक्रॉन येतो. म्हणजे बार, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), कूलंट सगळं ठीक असतानाही साइज मध्यापासून तीन सिग्मा, म्हणजे 12 मायक्रॉनपर्यंत इकडेतिकडे होणारच. तुम्ही पाहिलेले जॉब 20.006 आणि 19.998 चे. पहिला 6 ने जास्त म्हणून तेवढा ऑफसेट दिला असता, तर दुसरा 19.992 ला उतरला असता. प्रत्येक जॉबमागे असं करत गेलं की पसारा 1.41 पट होतो. आमचा 24 मायक्रॉनचा पसारा (दोन्ही बाजूंचे 12-12) 34 वर जाईल, सीपी (टॉलरन्सची पूर्ण रुंदी भागिले पसारा) 1.67 वरून 1.18 वर येईल. आणि हे नुकसान मन लावून काम करणाऱ्या माणसाच्या हातूनच होतं, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 साली कंट्रोल चार्ट मांडला. काही बिघडलेलं नसताना हात घालणं ही एक चूक, बिघडलेलं असताना गप्प बसणं ही दुसरी. एक अजिबात होऊ द्यायची नाही म्हटलं की दुसरी वाढते. चार्टवरची तीन सिग्माची रेषा, म्हणजे हात घालायची हद्द, दोन्हींचं मिळून नुकसान कमी राहावं म्हणून असते. ड्रॉइंगच्या टॉलरन्सशी तिचा संबंध नाही.

तुम्ही गेल्यानंतर त्याच मशीनवर काही जॉबच्या सरासरीचे सलग आठ पॉइंट मधल्या रेषेच्या वर पडले; योगायोगाने असं सहसा होत नाही. एकही जॉब टॉलरन्सबाहेर नव्हता. तरी याच ऑपरेटरने कुणी न सांगता मशीन थांबवलं. इन्सर्टचा कॉर्नर झिजला होता. त्याने तो बदलला, मागचा ट्रे बाजूला काढला आणि त्यातला एकेक जॉब पुन्हा मोजला.

स्टार तुमचा, तो राहू द्या. ‘कामचुकार’ हा शब्द मात्र कृपया काढा. चार्ट मशीनवरच लावलेला असतो. गुरुवार सोडून कधीही या, त्याच्याशेजारी उभं राहून अख्खी शिफ्ट बघा.