फरशी नवी आहे म्हणून

सलाम मंडळी.

आमचं नवं चर्च उभं राहिलं. आत अजून रंगाचा वास आहे, पुलपिटावरचं, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरचं, प्लास्टिक कुणी काढलेलं नाही, आणि पहिल्याच महिन्यात आमचं भांडण झालं. घरातलं भांडण फेसबुकवर कशाला, असं काही जण म्हणतील. म्हणू देत.

जुनी इमारत पावसाळ्यात इतकी गळायची, की गीताला बादल्यांचा ठेका असायचा. शेवटी ती पाडावी लागली आणि एकोणीस महिने आम्ही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलो. आधी एका शाळेचा वर्ग मिळाला. पहिलीच्या पोरांचे बाक, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांच्या मागे भिंतीवर बे एके बे. चर्चची घंटा एका आजींच्या पलंगाखाली, प्रभुभोजनाचे पेले आमच्या घरी मिक्सरशेजारी. परीक्षा आल्या आणि शाळेला वर्ग परत हवे झाले. तेव्हा जवळच्या तमिळ मंडळीने तिच्या चर्चमधली दुपारी तीनची वेळ आम्हाला देऊ केली. भाड्याचं विचारायला मी गेलो, तर त्यांच्या सेक्रेटरी अंकलनी ड्रॉवरमधून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "लाईट बिल येऊ दे, मग बघू," म्हणाले. बिलं येत असणारच. आम्हाला एकही दिसलं नाही.

त्यांची उपासना बाराला सुटायची. एप्रिलच्या उन्हातून आम्ही तीनला पोचायचो तेव्हा पंखे आधीच चालू असायचे, आणि मागच्या टेबलावर स्टीलच्या पिंपात कॉफी. पिंपावर ओलं फडकं. कोण ठेवून जायचं, दोन महिने कळलं नाही.

मग हंगामाचा सण आला, म्हणजे घरची पिकं, फळं, भाज्या देवाला आणायच्या आणि त्यांचा चर्चसाठी लिलाव करायचा. आम्ही त्यांनाही बोलावलं, म्हणजे त्यांच्याच चर्चमध्ये त्यांनाच जेवायला! आमच्या भगिनी मंडळाने मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी केल्या. लिलावात एक भोपळा निघाला. बाजारात साठ रुपयांना मिळाला असता. अंकल बोली चढवत सातशेवर गेले. कुणीतरी कानात सांगितलं, "अंकल, भोपळाच आहे तो." "माहितीये," म्हणाले, आणि तिथेच सुरी मागून त्याच्या फोडी केल्या, घरटी एक.

आता भांडण. आमच्या भिंती ज्यांनी बांधल्या त्यांत तेलुगू मजुरांची दहा-बारा ख्रिस्ती कुटुंबं होती. पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी रात्री प्रार्थना करायची. काम संपलं, शेड निघाली. त्यांच्यातले दोघं पास्टोरेट कमिटीकडे, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे आले, धुतलेले शर्ट घालून. रविवारी संध्याकाळी एक तास मिळेल का, एवढंच विचारत होते. कमिटीने काय सांगितलं? फरशी नवी आहे, सध्या राहू दे. फरशी! ती त्यांनीच बसवली होती.

खजिनदारांवर मी भडकलो, पण त्यांची बाजूही मला माहीत आहे. बांधकामासाठी एका विधवा मावशींनी पाटल्या दिल्या. कर्जाचा हप्ता दर महिन्याला आहे. उद्या काही मोडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. लोकांच्या पैशाला जपणारा माणूस जरा घट्ट मुठीचा असावाच लागतो. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. आमच्याकडे काही नव्हतं तेव्हा आम्ही दीडशे माणसं जेवू घातली, आणि आता कुलूप आलं तर एक तास जड झाला.

माझी पणजी केडगावची. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. केडगावची जमीन घेतली ती फळबागेसाठी, संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि बाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग, सदनात आणखी मुली ठेवायला सरकारी बंदी. मुली गेल्या केडगावच्या माळावर, तंबूत. त्यातली एक सात-आठ वर्षांची पोर म्हणजे माझी पणजी. तिथल्या मोठ्या चर्चची पायाभरणी झाली १८९९ मध्ये. तोवर पोरी येतच होत्या. आधी भिंती होऊ देत, असं बाई म्हणाल्या असत्या तर ही पोस्ट लिहायला मी नसतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपतं कुठे, आठवतंय? रोममध्ये. ख्रिस्ताचा प्रचारक पौल कैदी आहे, पहाऱ्याला शिपाई आहे, घर भाड्याचं आहे, आणि दोन वर्षं तो येईल त्याचं स्वागत करतोय. संडे स्कूलमध्ये हे पाठ करताना मला पौलाचंच कौतुक वाटायचं. हल्ली त्या घरमालकाचा विचार येतो. त्याच्या फरशीवरून किती पावलं गेली असतील.

येत्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा बैठक आहे. हा विषय मी मांडणार आहे, आणि वाढीव लाईट बिलासाठी आमच्या घरचं नाव पहिलं लिहून घ्या म्हणणार आहे. अजून चार घरं तयार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्स करा.

हो, आणि एक राहिलं. गेल्या आठवड्यात तमिळ चर्चची चावी परत करायला गेलो होतो. अंकल म्हणाले, "आमच्याकडे दुसरी आहे. ही असू दे तुझ्याकडे."